ग्रॅम स्टेनिंग

ग्रॅम स्टेनिंग म्हणजे बॅक्टेरियांना रंग देऊन त्यांचे दोन मोठे गट वेगळे ओळखायची लॅबमधली पद्धत. जांभळे दिसले तर ग्रॅम पॉझिटिव्ह, गुलाबी-लाल दिसले तर ग्रॅम निगेटिव्ह. पू, बेडका, मणक्यातलं पाणी, काहीही सॅम्पल येवो, कल्चर (सॅम्पलमधले जंतू लॅबमध्ये वाढवणं) वाढायला एक-दोन दिवस लागतात आणि ही स्लाइड अर्ध्या तासात काहीतरी हाती देते, म्हणून १८८४ सालची ही पद्धत आजही रोज चालते.

नावातला ग्रॅम वजनाचा नाही, ते आडनाव आहे. हान्स ख्रिश्चन ग्रॅम हे डेन्मार्कचे डॉक्टर, बर्लिनला कार्ल फ्रीडलेंडर यांच्याकडे काम करायचे, आणि न्यूमोनियाने दगावलेल्या पेशंटच्या फुप्फुसाच्या कापांत बॅक्टेरिया नीट दिसावेत एवढंच त्यांना हवं होतं. गट पाडायचा विचारच नव्हता. काही बॅक्टेरियांचा रंग धुऊन जातो हे त्यांनी पाहिलं आणि पद्धत अजून अपुरी आहे असं प्रामाणिकपणे लिहून टाकलं, पण पुढे त्या रंग जाण्यालाच सगळ्यात जास्त किंमत आली.

करायला अवघड नाही. स्लाइडवर सॅम्पलचा पातळ थर, म्हणजे स्मिअर, घ्यायचा, हवेत पूर्ण वाळू द्यायचा, मग बर्नरच्या ज्योतीवरून दोन-तीनदा फिरवून हीट फिक्स करायचा, म्हणजे उष्णतेने काचेला चिकटवायचा. त्यावर क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग १ मिनिट, पाण्याने धुवायचं, आयोडीन १ मिनिट, परत धुवायचं, मग अल्कोहोल किंवा अ‍ॅसिटोन-अल्कोहोलने रंग उतरवायचा आणि शेवटी सॅफ्रॅनिन हा गुलाबी रंग अर्धा ते एक मिनिट.

खरी परीक्षा रंग उतरवायच्या पायरीत आहे. स्लाइड तिरकी धरून वरून थेंब थेंब सोडायचं, खालून जांभळं पाणी येत राहतं, ते जवळजवळ स्वच्छ यायला लागलं की त्याच क्षणी पाण्याखाली धरायची. काही सेकंदांचा खेळ असतो, जास्त वेळ गेला तर पॉझिटिव्हसुद्धा गुलाबी दिसतात आणि कमी पडला तर निगेटिव्ह जांभळेच राहतात, आणि जाड स्मिअर असेल तर एकाच स्लाइडवर दोन्ही चुका सापडतात. म्हणून शेजारी स्टॅफिलोकोकस (पॉझिटिव्ह) आणि ई. कोलाय (निगेटिव्ह) या माहीत असलेल्या बॅक्टेरियांची कंट्रोल स्लाइड तुलनेसाठी लावायलाच हवी, घाई असली तरी.

असं का होतं याचं उत्तर पेशीभित्तिकेत आहे. ग्रॅम पॉझिटिव्हची भिंत पेप्टिडोग्लायकन या जाळीदार पदार्थाच्या जाड थराची असते, क्रिस्टल व्हायोलेट आणि आयोडीन मिळून जो मोठा कॉम्प्लेक्स बनतो तो अल्कोहोलने आकसलेल्या त्या जाळीत अडकून बसतो. निगेटिव्हमध्ये हा थर पातळ, आणि बाहेर लिपिडचं आवरण, ते अल्कोहोलने सुटतं, जांभळा रंग वाहून जातो आणि मग सॅफ्रॅनिनचा गुलाबी दिसतो.

स्लाइड मायक्रोस्कोपच्या १०० पटीच्या ऑइल इमर्शन लेन्सखाली (स्लाइडवर तेलाचा थेंब टाकून) बघतात. रंगासोबत आकार आणि मांडणीही लिहायची, म्हणजे द्राक्षाच्या घडासारखे जांभळे गोल दिसले तर स्टॅफिलोकोकसची शंका, माळेसारखे असतील तर स्ट्रेप्टोकोकस. मेनिंजायटिसच्या (मेंदूच्या आवरणाला सूज आलेल्या) पेशंटच्या मणक्यातल्या पाण्यात पांढऱ्या पेशींच्या आत गुलाबी गोलांच्या जोड्या दिसल्या तर रिपोर्ट टाइप होईपर्यंत थांबायचं नाही, लगेच वॉर्डला फोन करायचा, कारण तिथे तास मोजले जातात. औषधाची पहिली निवडही यावर ठरू शकते, उदाहरणार्थ व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक निगेटिव्हच्या बाहेरच्या आवरणातून आत जात नाही.

फसवणारी स्लाइडही असते. जुन्या कल्चरमधले पॉझिटिव्ह रंग सोडतात, म्हणून १८ ते २४ तासांचं ताजं कल्चर घ्यावं. न गाळलेल्या स्टेनचे खडे कोकाय (गोल बॅक्टेरिया) वाटतात. यीस्ट जांभळं दिसतं पण ते बॅक्टेरिया नाहीच, आकाराने बरंच मोठं असतं. मायकोप्लाझ्मा या बॅक्टेरियाला भिंतच नाही, त्यामुळे तो या पद्धतीत सापडत नाही. टीबीच्या जंतूची भिंत मेणासारखी, ग्रॅमचा रंग नीट धरत नाही, त्याच्यासाठी झील-नील्सन स्टेनिंग लागतं, कार्बोल फुक्सिन हा लाल रंग वाफ येईपर्यंत गरम करून आत घालायचं आणि नंतर अ‍ॅसिडने धुवायचं, तरीही जो लाल राहतो तो अ‍ॅसिड फास्ट.