ॲलिस्टर मॅकअल्पाइन

मॅकअल्पाइन, ॲलिस्टर : (१४ मे १९४२ – १७ जानेवारी २०१४). ब्रिटिश उद्योजक, कलासंग्राहक आणि १९७५ ते १९९० या काळातील हुजूर पक्षाचे (कॉन्झर्व्हेटिव्ह पार्टी) खजिनदार. मार्गारेट थॅचर विरोधी पक्षनेत्या झाल्यापासून त्यांनी पंतप्रधानपद सोडेपर्यंतच्या जवळपास सर्व काळात पक्षासाठी पैसा उभा करण्याची जबाबदारी प्रामुख्याने मॅकअल्पाइन यांच्याकडे होती. ब्रिटनमधील राजकीय निधिसंकलन कायद्याच्या चौकटीत बसवले जाण्यापूर्वी ते एका माणसाच्या ओळखीपाळखी, आदरातिथ्य आणि शब्द यांवर कसे चालत असे, हे समजून घ्यायला त्यांच्या चरित्राइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

त्यांचा जन्म लंडनच्या डॉर्चेस्टर हॉटेलात झाला. हे हॉटेल घराण्याच्याच बांधकाम कंपनीने उभारलेले होते आणि तेव्हा तिच्याच मालकीचे होते. ही कंपनी स्थापन करणारे पणजोबा रॉबर्ट मॅकअल्पाइन ‘काँक्रीट बॉब’ या नावाने ओळखले जात; स्कॉटलंडमधील ग्लेनफिनन येथील २१ कमानींचा रेल्वेपूल त्यांच्या कंपनीने बांधला. ॲलिस्टर यांचे शालेय शिक्षण स्टो येथे झाले, पण अभ्यासात त्यांना गती नव्हती आणि अक्षरे वाचताना अडचण येत असे. सोळाव्या वर्षी शाळा सोडून ते टेम्सच्या दक्षिण काठावरील एका बांधकामावर मजुरांच्या हजेरीची नोंद ठेवू लागले. पुढे ते कंपनीचे संचालक झाले आणि ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात त्यांनी स्वतंत्रपणे मालमत्ता-व्यवसाय उभा केला.

पैसा जमवण्याइतकीच वस्तू जमवण्याची त्यांना ओढ होती आणि जमवलेले मोकळ्या हाताने देऊन टाकण्याचीही. विशीत असतानाच त्यांनी फिलिप किंग, विल्यम टकर, टिम स्कॉट अशा तरुण ब्रिटिश शिल्पकारांची कामे विकत घेतली आणि १९७०च्या सुमारास त्यांतील सुमारे ६० शिल्पे लंडनच्या टेट गॅलरीला भेट दिली. त्या पिढीच्या शिल्पकलेचा टेटमधील संग्रह समृद्ध होण्यात या देणगीचा वाटा मोठा आहे, आणि राजकारणातील त्यांच्या कामाविषयी कोणाचे काहीही मत असले तरी हे ऋण मान्य करावेच लागते.

राजकीय निधीचे त्यांचे पहिले मोठे काम मात्र पक्षासाठी नव्हते. १९७५ साली ब्रिटनने युरोपीय समाईक बाजारपेठेत (आजच्या युरोपीय संघाचे पूर्वरूप) राहावे की नाही यावर सार्वमत झाले, तेव्हा ‘ब्रिटन इन युरोप’ या समर्थक मोहिमेचे खजिनदार मॅकअल्पाइन होते. दोन्ही बाजूंना सरकारकडून प्रत्येकी १,२५,००० पौंड मिळाले होते. तरीही समर्थकांचा एकूण खर्च सुमारे १४.८ लाख पौंडांवर गेला आणि विरोधकांचा सुमारे १.३४ लाखांवरच थांबला. इतकी तफावत पडली ती उद्योगजगताच्या देणग्यांमुळे. त्याच वर्षी थॅचर यांनी त्यांना पक्षाचे खजिनदार नेमले. तेव्हा ते जेमतेम तेहतीस वर्षांचे होते.

हे पद पगारी नव्हते. खजिनदाराने स्वतःच्या ओळखीने मोठ्या उद्योजकांपर्यंत पोहोचावे, त्यांना घरी जेवायला बोलवावे, त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे आणि पक्षाची गरज त्यांच्यापुढे मांडावी, अशी अपेक्षा असे. मॅकअल्पाइन यात मुरलेले होते. पक्षाच्या वार्षिक अधिवेशनात त्यांच्या हॉटेलातील दालनात होणाऱ्या मेजवान्या प्रसिद्ध होत्या. देणगीदारांनाही देण्यामागे ठोस कारण होते : १९७४ ते १९७९ या मजूर पक्षाच्या राजवटीत कमावत्या उत्पन्नावरील कराचा कमाल दर ८३ टक्के आणि गुंतवणुकीच्या उत्पन्नावरील ९८ टक्के होता. स्वतः मॅकअल्पाइन यांनी हॅम्पशरमधील वेस्ट ग्रीन हाउस या भाड्याने घेतलेल्या वास्तूच्या आवारात, वास्तुविशारद क्विन्लन टेरी यांच्याकडून एक उंच दगडी स्तंभ उभारून घेतला आणि त्यावर लॅटिन लेख कोरला. एरवी आज ना उद्या करवसुली करणाऱ्यांच्या हाती पडला असता असा बराच पैसा खर्चून हे स्मारक बांधले आहे, असा त्याचा आशय आहे. त्या काळच्या धनिक वर्गाच्या मनात काय चालले होते ते हा स्तंभ कोणत्याही जाहीरनाम्यापेक्षा स्पष्ट सांगतो.

ही व्यवस्था कार्यक्षम होती, पण तिच्यात उत्तरदायित्व फार थोडे होते. १९६७च्या कायद्यानुसार कंपन्यांना आपल्या राजकीय देणग्या ताळेबंदासोबत जाहीर कराव्या लागत. व्यक्तींनी दिलेल्या देणग्यांवर किंवा खुद्द पक्षांवर मात्र तसे बंधन नव्हते. पॉली पेक कंपनीचे असिल नादिर यांच्याकडून १९८५ ते १९९० या काळात ४,४०,००० पौंड मिळाल्याचे हुजूर पक्षाला पुढे मान्य करावे लागले. नादिर २०१२ मध्ये कंपनीच्या पैशांच्या चोरीबद्दल दोषी ठरले. मोठ्या देणगीदारांची नावे उघड करणे पक्षांना बंधनकारक झाले ते २००० सालच्या कायद्याने, म्हणजे मॅकअल्पाइन यांनी पद सोडल्यानंतर दहा वर्षांनी. मतदाराला ही माहिती मिळण्याचा हक्क इतक्या उशिरा मान्य व्हावा, ही ब्रिटिश लोकशाहीची गंभीर उणीव होती.

१२ ऑक्टोबर १९८४ च्या पहाटे पक्षाचे वार्षिक अधिवेशन भरले असताना ब्रायटनच्या ग्रँड हॉटेलात आयआरए (आयरिश रिपब्लिकन आर्मी) या सशस्त्र संघटनेने घडवलेल्या स्फोटात पाच जण मृत्युमुखी पडले. अनेक प्रतिनिधी रात्रीच्या कपड्यांतच रस्त्यावर आले होते. मॅकअल्पाइन यांनी मार्क्स अँड स्पेन्सरचे स्थानिक दुकान नेहमीच्या वेळेआधी उघडण्याची व्यवस्था केली, लोकांनी तेथून कपडे घेतले आणि अधिवेशन सकाळी साडेनऊला ठरल्याप्रमाणे सुरू झाले. त्याच वर्षी त्यांना हयातभराची उमरावकी मिळून ते संसदेच्या वरिष्ठ सभागृहाचे, म्हणजे लॉर्ड्स सभेचे, सदस्य झाले. १९९० मध्ये आयआरएने वेस्ट ग्रीन हाउस येथेही बाँबस्फोट घडवला; मॅकअल्पाइन कुटुंब त्याच्या थोडेच आधी ते घर सोडून गेले होते.

ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावरील ब्रूम हे मोत्यांच्या व्यापाराचे ओस पडू लागलेले गाव त्यांच्या मनात भरले होते. तेथे त्यांनी मोती-व्यावसायिकांची जुनी लाकडी घरे दुरुस्त केली, प्राणिसंग्रहालय काढले आणि केबल बीच येथे विश्रामधाम उभारले. १९८९ मधील वैमानिकांच्या संपामुळे पर्यटकांचा ओघ आटला व त्यांना मोठी खोट बसली. गावाचे पर्यटन मात्र टिकून राहिले.

थॅचर पायउतार झाल्यावर पक्षाशी त्यांचे संबंध दुरावले. युरोपात राहण्यासाठी एकेकाळी पैसा उभारणारे मॅकअल्पाइन आता उद्योगपती जेम्स गोल्डस्मिथ यांच्या, युरोपीय संघाशी असलेल्या संबंधांवर सार्वमत मागणाऱ्या रेफरंडम पार्टीत गेले. १९९७ च्या निवडणुकीत या पक्षाला आठ लाखांहून अधिक मते मिळाली, पण एकही जागा मिळाली नाही. गोल्डस्मिथ यांच्या निधनानंतर त्या चळवळीचे नेतृत्व मॅकअल्पाइन यांच्याकडे आले. २०१० मध्ये संसदेच्या सदस्यांना करासाठी ब्रिटनचे पूर्ण रहिवासी मानणारा कायदा झाला, तेव्हा तसे मानले जाऊ नये म्हणून त्यांनी लॉर्ड्स सभेतील जागा सोडली.

नोव्हेंबर २०१२ मध्ये बीबीसीच्या ‘न्यूजनाइट’ कार्यक्रमात बाललैंगिक अत्याचाराचा आरोप थॅचरकाळातील एका अनामिक नेत्यावर झाला आणि समाजमाध्यमांवर काही तासांत मॅकअल्पाइन यांचे नाव पसरले. आरोप पूर्णपणे खोटा होता. आरोप करणाऱ्यानेच माणूस ओळखण्यात चूक झाल्याचे सांगून माफी मागितली. त्याच महिन्यात बीबीसीचे महासंचालक जॉर्ज एन्टव्हिसल यांनी राजीनामा दिला. बीबीसीने १,८५,००० व आयटीव्ही या खासगी वाहिनीने १,२५,००० पौंड भरपाई दिली. ट्विटरवर पाचशेपेक्षा कमी अनुयायी असलेल्यांवरील दावे मॅकअल्पाइन यांनी मुलांच्या मदतनिधीला २५ पौंड देण्याच्या अटीवर सोडून दिले. कॉमन्स सभेच्या तत्कालीन सभापतींच्या पत्नी सॅली बर्को यांच्याविरुद्धच्या खटल्यात मे २०१३ मध्ये उच्च न्यायालयाने निकाल दिला की, उघड आरोप न करता सूचक शब्दांत केलेले ट्वीटही बदनामीकारक ठरू शकते. समाजमाध्यमांवरील बदनामीच्या ब्रिटिश कायद्यात हा निकाल महत्त्वाचा मानला जातो.

अखेरची वर्षे त्यांनी दक्षिण इटलीतील पुलिया प्रांतात, एका जुन्या मठाचे अतिथिगृह करून पत्नीसह काढली. तेथेच त्यांचे निधन झाले.