कवटीतली जागा : सस्तन प्राण्यांच्या मेंदूमागची पार्श्वभूमी

देवणी जातीच्या गुराचे कपाळ थोडे फुगीर, पुढे आलेले असते. त्या फुगवट्यामागे मेंदू असेल असे सहज वाटते, पण तिथे बहुतेक हवाच असते. मोठ्या गुराच्या कपाळाच्या हाडाचे दोन थर असतात आणि त्यांच्यामध्ये पोकळ कप्पे. हे कप्पे मागे माथ्यापर्यंत जातात, बाजूला थेट शिंगाच्या हाडी गाभ्यात शिरतात. मेंदू त्यांच्या खाली आणि मागे असतो, साधारण साडेचारशे ग्रॅमचा. वासराची शिंगे पहिल्या दोन महिन्यांच्या आत डागून थांबवतात ती म्हणूनच. तोवर शिंगाचा अंकुर कातडीतच असतो, कवटीला चिकटलेला नसतो. सहा-सात महिन्यांनंतर पोकळी शिंगात उतरू लागते. त्यानंतर शिंग कापले की कपाळ आतून उघडे पडते. माश्या बसतात, अळ्या पडतात, नाकातून पू वाहू लागतो.

कवटी ही एकट्या मेंदूची पेटी नाही. जबड्याचे स्नायू, दातांची मुळे, नाकातल्या वळ्या, डोळे, शिंगे या सगळ्यांना तिथेच जागा हवी असते. सस्तन प्राण्यांच्या कवटीचा इतिहास हा या जागेच्या वाटपाचा इतिहास आहे, आणि त्यात मेंदूला मोठा वाटा फार उशिरा मिळाला.

सुरुवात सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वीची. सस्तन प्राण्यांच्या पूर्वजांमध्ये डोळ्यामागे, कवटीच्या प्रत्येक बाजूला एकच भोक होते. जबडा मिटणाऱ्या स्नायूंना तिथे फुगायला वाव मिळे. मेंदू मात्र अरुंद नळीसारखा होता. खालच्या जबड्यात तेव्हा अनेक हाडे होती. दात धरणारे हाड मोठे होत गेले, मागची हाडे बारीक होत गेली आणि शेवटी त्यातले सांध्याचे एक हाड, त्याला टेकणाऱ्या वरच्या जबड्याच्या हाडासह, मधल्या कानात गेले. हातोडी आणि ऐरण म्हणून शाळेत शिकवतात तीच ही हाडे. जर्मन शरीरशास्त्रज्ञ रायशर्ट यांनी १८३७ मध्ये गर्भाचा अभ्यास करून हे दाखवले. जीवाश्मांचा भक्कम आधार त्याला बऱ्याच नंतर मिळाला. माझ्या मते शरीररचनाशास्त्रातला इतका सुंदर शोध दुसरा नाही.

मेंदूचा पुरावा मिळवणे त्याहून अवघड, कारण मेंदू दगड होत नाही. दात टिकतात. गोदावरीच्याच खालच्या खोऱ्यात, प्राणहितेच्या बाजूला, जुरासिक काळाचे कोटा थर आहेत. तिथून १९८१ मध्ये वर्णन झालेला कोटाथेरियम हा सस्तन प्राणी आपल्याला दातावरूनच ओळखू येतो. हैदराबादच्या पश्चिमेला नास्कल येथे लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळातून डेक्कनोलेस्टिस मिळाला आणि १९८८ मध्ये त्याचे नामकरण झाले. तो डायनासोरांच्या अखेरच्या काळातला, उंदराएवढा. त्याचेही दातच मुख्य, जोडीला घोट्याची हाडे. मराठवाडा ज्या काळ्या पाषाणावर उभा आहे, तो ओतला जात असतानाचा हा प्राणी. त्याच्या मेंदूबद्दल मात्र त्यावरून काहीच कळत नाही.

म्हणून अभ्यास होतो तो साच्याचा. मेल्यावर कवटीत बारीक गाळ भरतो, घट्ट होतो, आणि वरचे हाड झिजले की मेंदूच्या आकाराचा दगड उरतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसजवळच्या जिप्समच्या खाणींतून आलेला असा साचा फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिए यांनी ओळखला होता. पुढे रिकाम्या कवटीत रबराचे द्रव ओतून, कवटी फिरवत थर वाळवून, तो मागच्या मोठ्या छिद्रातून ओढून काढण्याची पद्धत आली. आता सीटी स्कॅनमुळे हाडाला हात लावावा लागत नाही. तरी साचा म्हणजे मेंदू नव्हे. मेंदूवरची आवरणे आणि रक्तवाहिन्याही त्यात मोजल्या जातात. लहान प्राण्यांत मेंदू हाडाला लागून असल्याने ठसा चांगला उठतो. हत्ती आणि व्हेल यांच्यात आवरणे जाड असतात, त्यामुळे मेंदूच्या पृष्ठभागावरच्या घड्या उमटत नाहीत.

या साच्यांना शास्त्राचे रूप दिले टिली एडिंगर यांनी. फ्रँकफर्टच्या या ज्यू संशोधिकेचा जीवाश्म मेंदूंवरचा ग्रंथ १९२९ चा. नाझी राजवटीतून बाहेर पडून त्या हार्वर्डला पोचल्या आणि १९४८ मध्ये त्यांनी घोड्याच्या मेंदूचा इतिहास मांडला. तोवर अमेरिकेतले जीवाश्मशास्त्रज्ञ मार्श यांचा नियम मानला जाई : काळ पुढे जातो तसा प्रत्येक वंशात मेंदू सरळ वाढत जातो. एडिंगर यांच्या साच्यांत तसे दिसेना. मेंदूचा बदल शरीराच्या बदलाला बांधलेला नव्हता. तो आपल्या गतीने होई, आणि घड्या वेगवेगळ्या वंशांत स्वतंत्रपणे वाढल्या होत्या.

घोड्याचे लांब तोंडही मेंदूमुळे नाही, दातांमुळे आहे. माळेगावच्या यात्रेत घोड्याचे तोंड उघडून वय पारखतात तेव्हा दाताचा थोडाच भाग दिसतो. तरण्या घोड्याची दाढ जबड्याच्या आत सात-आठ सेंटिमीटर खोल असते आणि गवताने जेवढी झिजते तेवढी, वर्षाला दोन-तीन मिलिमीटर, बाहेर सरकते. एवढ्या दाढा मावायच्या तर जबडा खोल हवा आणि डोळा मागे सरकायला हवा.

मेंदू पहिल्यांदा वाढला तो कशासाठी, याचे उत्तर २०११ मध्ये रो, मॅक्रिनी आणि लुओ यांनी स्कॅनवरून दिले : वासासाठी आणि केसांमधून कळणाऱ्या स्पर्शासाठी. सुमारे साडेवीस कोटी वर्षांपूर्वीच्या मॉर्गनुकोडॉन या सस्तन प्राण्यांच्या आद्य नातेवाइकात मेंदूचे वास ओळखणारे पुढचे गोळे मोठे झालेले दिसतात. चीनच्या युनानमधला हॅड्रोकोडियम त्याच्या नंतरचा. त्याची कवटी १२ मिलिमीटरची, टपोऱ्या शेंगदाण्याएवढी, पण आतला मेंदू शरीराच्या मानाने आणखी मोठा. त्याच्या जबड्यात कानाची हाडे धरून ठेवणारी खाचही उरलेली नाही. रात्री हिंडणाऱ्या या चिमुकल्या प्राण्यांना नाकाने आणि मिशांनी जग कळत होते. डोळ्यांचे महत्त्व काही वंशांत नंतर वाढले. वानराची कवटी पाहा : डोळे समोर, तोंड आखूड, वासाचे गोळे बारीक.

डायनासोर गेल्यावर मैदान मोकळे झाले आणि सस्तन प्राण्यांचा मेंदू लगेच वाढला, असे पूर्वी समजत. २०२२ मध्ये ऑर्नेला बर्ट्रांड आणि सहकाऱ्यांनी उलटे दाखवले. पहिली सुमारे एक कोटी वर्षे शरीरे झपाट्याने मोठी झाली, मेंदू त्या प्रमाणात मागे पडला. डोळे, कान आणि हालचाल सांभाळणारा वरचा भाग त्यानंतरच्या इओसीन काळात वाढला, तेव्हा जंगलात स्पर्धा दाटली होती.

शरीराच्या मानाने मेंदू किती, हे मोजायला मेंदूचे अभ्यासक जेरिसन यांनी १९७३ मध्ये मांडलेले सूत्र आजही वापरतात. शरीराचे ग्रॅममधले वजन घ्या, त्याचा दोन-तृतीयांश घात काढा, ०.१२ ने गुणा. येईल तो अपेक्षित मेंदू. पस्तीस किलोच्या उस्मानाबादी शेळीसाठी हा आकडा सुमारे १२८ ग्रॅम येतो. प्रत्यक्षात मेंदू ११० ग्रॅम धरला, तर प्रत्यक्ष आणि अपेक्षित मेंदूचे गुणोत्तर ०.८६. साडेचारशे किलोच्या गायीचे ०.६४, माणसाचे सातच्या आसपास. या आकड्याला अक्कल समजू नये. जनावर खुराकावर लठ्ठ झाले तरी आकडा घसरतो.

मेंदू शरीराच्या मागे राहतो म्हणूनच एका कुळातल्या मोठ्या जातींची तोंडे लांब दिसतात. चिंकाऱ्याशेजारी नीलगाय उभी केली तर फरक लगेच कळेल. कार्डिनी आणि पॉली यांनी २०१३ मध्ये हरणवर्गीय प्राणी, वटवाघळे, मुंगूस आणि खारी मोजून हा कल दाखवला. तरसात दुसरीच अडचण आहे : जबड्याचे स्नायू प्रचंड, मेंदूची पेटी त्यांना पुरेना. म्हणून माथ्यावर हाडाची उभी कड उगवते आणि स्नायू तिला धरतात.

माणसाने प्राणी पाळले आणि मेंदू घटला. २०२१ च्या मोजणीत पाळीव गुरांचा मेंदू रानटी पूर्वजांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी लहान निघाला. माणसाचा सहवास जितका जास्त, तितकी घट जास्त.

कवटीचे माप घरच्या साधनांनीही घेता येते. स्वच्छ, पूर्ण वाळलेली शेळीची कवटी घ्या. नसांची बारीक छिद्रे आतून कापसाने बंद करा. मागच्या मोठ्या छिद्रातून मोहरी भरा, दर वेळी तेवढेच ठोके द्या, मग मोहरी मोजपात्रात ओता. तीन वेळा करून सरासरी घ्या. मिलिलिटरला मेंदूच्या घनतेने, म्हणजे १.०३६ ने, गुणले की अंदाजे ग्रॅम. चूक होते ती दाबण्यात : हाताने दाबली तर मोहरी जास्त मावते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले डॉक्टर मॉर्टन यांनी माणसांच्या कवट्या आधी बियांनी मोजल्या. मापे जुळेनात, म्हणून त्यांनी शिशाच्या गोळ्या घेतल्या. त्या आकड्यांवरून त्यांनी मानववंशांची उतरंड लावली, ती साफ चुकीची होती.

मराठवाड्यात मेंदूचे खरे साचे मिळण्याची जागा म्हणजे नद्यांचा जुना गाळ. मांजरा खोऱ्यात, लातूर जिल्ह्यात, चुन्याने घट्ट झालेल्या वाळू-गोट्यांत रानबैल, हत्ती आणि पाणघोडा यांचे जीवाश्म मिळाले आहेत. काठ ढासळून अशी कवटी उघडी पडली तर लोक ती नदीत धुतात, काडीने आतली माती उकरतात. तीच माती म्हणजे मेंदूचा साचा. कवटी हलवण्याआधी फोटो काढावा, जागा आणि थर नोंदवावा, तोंड कुठल्या दिशेला होते ते लिहावे. आतली माती तशीच ठेवून कापडात गुंडाळावी आणि सावलीत हळू वाळवावी. उन्हात ठेवली तर ओले हाड तडकते आणि साचा आतल्या आत फुटतो.