मानसिक आजारासाठी यूडीआयडी कार्ड: टक्के कसे ठरतात, कागद कोणते लागतात

स्किझोफ्रेनिया, बायपोलर, तीव्र ओसीडी (नको असलेले विचार आणि त्याच त्याच कृती) अशा आजारांत वर्षानुवर्षं औषधं चालू असतात, तरी घरातलं कोणी दिव्यांग प्रमाणपत्राचा आणि यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) विचार करत नाही. दिव्यांग म्हणजे हातापायाने अधू, हीच समजूत अजून आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मधल्या 21 प्रकारांत मानसिक आजार स्वतंत्रपणे नोंदलेला आहे. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त असेल, तर सरकारी नोकरीतलं आरक्षण, संजय गांधी निराधार अनुदान योजना अशा लाभांसाठी अर्ज करता येतो.

अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन आणि मोफत भरायचा असतो. आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा, अलीकडचा फोटो, सही किंवा अंगठा एवढंच अपलोड करावं लागतं. मोबाइल नंबर घरातल्याच माणसाचा द्या. सायबर कॅफेवाल्याचा दिला, तर पुढचे सगळे मेसेज त्याच्याकडे जातात. दिव्यांगत्वाचा प्रकार निवडताना ‘मानसिक आजार’ हाच निवडा. ‘बौद्धिक अक्षमता’ हा वेगळा प्रकार आहे, त्याची तपासणीही वेगळी, आणि इथे चूक झाली की अर्ज परत येतो.

तपासणीसाठी रुग्णालयात जाताना पहिल्या दिवसापासूनची जमतील तेवढी केसपेपरं, डिस्चार्ज कार्ड आणि औषधांच्या चिठ्ठ्या तारखेच्या क्रमाने लावून न्या. आजार किती जुना आहे याचेही गुण असतात आणि ते सिद्ध करायला हेच कागद लागतात. जुने कागद हरवले असतील, तर जिथे उपचार झाले तिथून नोंदींची प्रत मागा. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 नुसार रुग्णाला तो हक्क आहे. तपासणी करणाऱ्या वैद्यकीय बोर्डाचा वार ठरलेला असतो, तो आधी विचारून घ्या.

आता टक्क्यांचं. ते आजाराच्या नावावरून ठरत नाहीत. ‘आयडियाज’ या मोजपट्टीत चार गोष्टी पाहतात: स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम. प्रत्येकाला 0 ते 4 गुण. त्यात आजाराच्या काळाचे 1 ते 4 मिळवायचे: दोन वर्षांहून कमी 1, दोन ते पाच वर्षं 2, सहा ते दहा वर्षं 3, त्यापुढे 4. एकूण 7 किंवा जास्त आले की 40 टक्क्यांचा उंबरठा ओलांडला.

नेमकी इथेच लाज आडवी येते. समजा, आजार आठ वर्षांचा आहे. मुलाला अंघोळीला रोज उठवावं लागतं (1), तो पाहुणे आले की खोलीबाहेर येत नाही (2), त्याला सांगितलेलं अर्धवट कळतं (1), कुठलंच काम आठवडाभर टिकत नाही (3). बेरीज 7, काळाचे 3, एकूण 10. त्याच मुलाला इस्त्रीचे कपडे घालून आणलं आणि आई म्हणाली, ‘तसं सगळं व्यवस्थित आहे, थोडा अबोल आहे एवढंच,’ तर कदाचित 2 गुण पडतील. काळाचे 3 धरून 5, म्हणजे 40 टक्क्यांच्या खाली. आजार तोच, माणूस तोच. म्हणून रुग्णासोबत राहणाराच माणूस बोर्डापुढे न्या आणि त्याने खरं तेवढंच सांगावं, वाढवूनही नाही आणि झाकूनही नाही. रुग्णासमोर बोलणं अवघड वाटत असेल, तर डॉक्टरांना वेगळं बोलायची वेळ मागा.

‘कार्ड काढलं तर जमिनीतला हिस्सा जाईल’ ही भीती गावोगावी ऐकू येते. तसं होत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम 13 मध्ये मालमत्ता, वारसा आणि बँकेचे व्यवहार यांवरचा हक्क इतरांइतकाच राखला आहे. कार्डावर दिव्यांगत्वाचा प्रकार छापलेला असतो हे मात्र खरं, त्यामुळे ते जिथे लाभ घ्यायचा तिथेच दाखवा. उपचारांची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर कलम 23 नुसार बंधनकारक आहे (मानसिक आरोग्य सेवा कायदा).

मानसिक आजाराचं प्रमाणपत्र बरेचदा ठरावीक मुदतीचं मिळतं. मुदत संपली की अनुदान अडकतं. दोन-तीन महिने आधीच पोर्टलवर नूतनीकरणाचा पर्याय निवडा. नवा अर्ज भरू नका, आधीच्या नोंदीमुळे तो अडतो. टक्के कमी दिले असं वाटलं, तर कलम 59 नुसार अपील करता येतं (हे दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातलं).

आणखी एक गल्लत वारंवार होते. निरामय आरोग्य विमा ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठीच आहे, केवळ मानसिक आजारासाठी नाही. त्याचा फॉर्म भरून देतो म्हणून कोणी पैसे मागितले, तर देऊ नका.

अजून निदानच झालेलं नसेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या मोफत क्रमांकावर फोन करा. मराठीत बोलता येतं.