नायलॉनच्या एल्बोत शिरलेलं पाणी

माझी गाडी 2004 सालची, पेट्रोलवर चालणारी. गेल्या वैशाखात मुंबईहून नाशिकला परत येताना कसारा घाटात बॉनेटच्या फटीतून वाफ निघाली आणि गाडीत गोडसर वास पसरला. हा वास कुलंटमधल्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवातल्या, ग्लायकॉलचा. तो एकदा ओळखीचा झाला की विसरत नाही. तापमानाचा काटा मात्र वर जायच्या ऐवजी खाली आला होता. असा काटा पाहून पुष्कळ जण गाडी तशीच पुढे रेटतात आणि इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, वाकवून बसतात. काट्याचा सेन्सर कुलंटमध्ये बुडालेला असेल तरच खरं सांगतो. कुलंट निघून गेलं की त्याच्याभोवती उरते हवा आणि वाफ. त्यांच्याकडून त्याला उष्णता नीट मिळत नाही, म्हणून इंजिन भाजत असतानाही काटा खाली येऊ शकतो. गोड वास, वाफ आणि खाली आलेला काटा एकत्र दिसले की त्याच जागी इंजिन बंद करायचं.

टोचन लावून गाडी इगतपुरीच्या एका गॅरेजात नेली. मिस्त्रींनी रेडिएटरच्या झाकणाला तासभर हात लावला नाही, मलाही लावू दिला नाही. त्या झाकणावर 0.9 असा आकडा असतो. दर चौरस सेंटीमीटरला 0.9 किलो इतका जादा दाब झाकण आत धरून ठेवतं, असा त्याचा अर्थ. या दाबाखाली साधं पाणीसुद्धा 118 अंशांच्या आसपास उकळतं. आत 115 अंशांचं पाच लिटर पाणी आहे आणि कुणी झाकण फिरवलं, असं समजा. दाब एकदम उतरतो, पाण्याला 100 अंशांवर यावंच लागतं आणि वरच्या 15 अंशांची उष्णता जेमतेम तीन टक्के पाण्याची वाफ करते. तीन टक्के म्हणजे साधारण 140 ग्रॅम. पण तेवढ्या पाण्याची वाफ होते सव्वादोनशे लिटरच्या वर. दोनशे लिटरचा ड्रम भरून उरेल एवढी वाफ त्या लहानशा तोंडातून, उकळतं पाणी सोबत घेऊन, वाकून बघणाऱ्याच्या तोंडावर येते.

गाडी निवल्यावर त्यांनी हीटरकडे जाणारा रबरी पाईप दाबून पाहिला. म्हणाले, "ताई, पाईप चांगलाय तुमचा. एल्बो गेलाय." पाईप इंजिनाला जोडणारा तो काळा प्लॅस्टिकचा तुकडा, काटकोनात वळलेला, अंगठ्याएवढा जाड. त्यांनी पक्कडीने हलकेच धरला आणि तो खारी मोडावी तसा मोडला. अर्धा पाईपमध्ये राहिला, अर्धा इंजिनात. मोडलेल्या कडेला मी बोट लावलं तर बारीक काळी भुकटी बोटावर आली. बाहेरून तो अजूनही काळाभोर आणि गुळगुळीत होता. आतली भिंत, जिला वीस वर्षं गरम पाणी लागलं होतं, राखाडी आणि खरबरीत झाली होती. घरी आणून भिंगाखाली पाहिलं तर तिच्यातून पांढरे, केसांहून बारीक धागे बाहेर आलेले दिसले.

ते धागे काचेचे. असे जोड बहुधा नायलॉन-66 मध्ये तीस टक्के काचतंतू मिसळून ओततात. कुडाच्या भिंतीत कारवीच्या काठ्यांनी माती धरून ठेवावी, तसं काचेचं काम. नायलॉन 260 अंशांच्या आसपास वितळतं आणि इंजिनातलं पाणी त्याच्या निम्म्यापर्यंतही तापत नाही. मग हा एल्बो मोडला कशाने? उष्णतेने एकटीने नाही. पाण्याने एकट्यानेही नाही.

नायलॉन-66 पहिल्यांदा बनलं ते 28 फेब्रुवारी 1935 रोजी, अमेरिकेत ड्युपॉन्ट कंपनीच्या विल्मिंग्टनच्या प्रयोगशाळेत, वॉलेस कॅरोदर्स यांच्या गटाच्या हातून. (आपला विज्ञान दिनही 28 फेब्रुवारीचाच, पण तो रामन परिणामाचा, 1928 सालचा.) दोन द्रव्यं घ्यायची, एक आम्ल आणि एक अमाइन, दोघांच्या रेणूत सहा-सहा कार्बन. 66 हे नाव त्यावरूनच पडलं. आम्लाचं टोक अमाइनच्या टोकाला जुळलं की एक दुवा तयार होतो आणि दर दुव्यामागे पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. असे दुवे जुळत जुळत लांब साखळी होते. हिशोब केला तर 100 ग्रॅम नायलॉन बनताना 16 ग्रॅम पाणी बाहेर पडतं. माझ्या हातातल्या एल्बोत 14 ग्रॅम नायलॉन धरलं, तर तो जन्मला तेव्हा अर्धा चमचा पाणी त्याच्यातून निघून गेलं होतं.

ही क्रिया उलटही चालते. पाण्याचा रेणू आत शिरला आणि पुरेशी उष्णता मिळाली की तो दुव्यावर बसतो आणि दुवा पुन्हा आम्ल आणि अमाइन अशा दोन टोकांत तुटतो. वीस वर्षं कुलंट या एल्बोत हेच करत होतं. ग्लायकॉलही याच दुव्यावर घाव घालतं.

मला सगळ्यात चकित केलं ते यातल्या प्रमाणाने. प्लॅस्टिकचा चिवटपणा साखळीच्या लांबीत असतो. लांब साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, ओढलं तर सरकतात आणि धक्का पचवतात. आखूड झाल्या की गुंता सुटतो आणि वस्तू चिवट न राहता ठिसूळ होते. अशा साखळीत साधारण दीडशे-पावणेदोनशे दुवे असतात. त्यातला मधला एकच तुटला तरी लांबी निम्मी. माझ्या एल्बोतली प्रत्येक साखळी एकेकदा तोडायला किती पाणी लागेल, हे मी कागदावर मांडलं. उत्तर आलं थेंबाचा चौथा हिस्सा. वजनात फरक कळणार नाही, आकारात दिसणार नाही, रंगही जाणार नाही, आणि तरी तो पक्कडीत मोडेल.

दात घासायचा ब्रशही नायलॉनचा असतो, रोज भिजतो, आणि असा मोडत नाही. कारण तो गार पाण्यात भिजतो. दर 10 अंशांनी रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, असा रसायनशास्त्रात एक ढोबळ ठोकताळा आहे. 30 अंशांपासून 100 अंशांपर्यंत सात वेळा दुप्पट, म्हणजे सव्वाशे पटींहून जास्त. माझी गाडी एक लाख वीस हजार किलोमीटर चालली आहे. सरासरी वेग ताशी 30 धरला तर तो एल्बो चार हजार तास उकळत्याच्या जवळपासच्या पाण्यात भिजत होता. याच ठोकताळ्याने 90 ऐवजी 110 अंशांवर चाललेला प्रत्येक तास चार तासांची झीज करतो. म्हणून एकदा चांगली तापलेली गाडी दुरुस्त झाली, तरी तिच्यातले बाकीचे जोड त्या दिवशी म्हातारे झालेले असतात.

रबरी पाईपचं असं का होत नाही? तो बहुधा ईपीडीएम नावाच्या रबराचा असतो. त्याच्या साखळीचा कणा नुसत्या कार्बनचा, पाण्याला तोडता येईल असा दुवाच त्यात नाही. म्हणूनच "पाईप चांगलाय" हे मिस्त्रींचं निदान बरोबर होतं. रबराचं दुखणं वेगळं असतं. धातूचे भाग आणि कुलंट यांच्यात सूक्ष्म विद्युतप्रवाह तयार होतो आणि पाईपच्या टोकाजवळ आतून बारीक उभ्या चिरा पडतात. बाहेरून काहीच दिसत नाही. इंजिन गार असताना पाईप मध्यभागी दाबा, मग टोकापासून दोन-तीन बोटांवर दाबा. टोक जास्त मऊ लागलं किंवा आत चिरा जाणवल्या, तर तो पाईप बदला. आपण पाईप दाबून बघतो आणि जोड तसाच सोडून देतो, ही चूक आहे. वीस वर्षांच्या गाडीत आधी जोडाचीच शंका घ्यावी.

अमेरिकेतही हे ठाऊक आहे. जनरल मोटर्सच्या 1995 पासूनच्या 3800 सिरीज टू या व्ही-सिक्स इंजिनात कुलंटचे असेच दोन प्लॅस्टिकचे एल्बो बेल्टच्या ब्रॅकेटमागे दडलेले असतात. ते ठिसूळ होऊन फुटतात हे इतकं नेहमीचं झालं की त्यांच्या जागी बसणारे ॲल्युमिनियमचे एल्बो बाजारात आले. प्लॅस्टिक वापरतात याचीही कारणं आहेत. ते हलकं, गंजत नाही, आणि कसलंही वळण एका ओतकामात तयार होतं. जुन्या ॲम्बॅसॅडरचा तांबं-पितळेचा रेडिएटर गळला तर डाग देऊन चालायचा. नायलॉनला डाग देता येत नाही.

मी मिस्त्रींना म्हटलं, एकच नको, सगळे जोड बदलू. ते क्षणभर बघत राहिले. एरवी गिऱ्हाईक "एवढंच करा" म्हणतं. पण गाडीतले पाचही जोड एकाच वर्षी बनलेले, एकाच पाण्यात शिजलेले. एक मोडला म्हणजे बाकीच्यांची वेळ जवळ आलीच आहे, आणि कुलंट एकदाच काढायचं आहे. दोन जोड ॲल्युमिनियमचे मिळाले, तीन मूळ कंपनीचे नायलॉनचेच. तेही पुन्हा पंधरा-वीस वर्षं टिकतील.

इंजिनात अडकलेला अर्धा तुकडा काढायला पाऊण तास गेला. मिस्त्रींनी आधी भोकात खोलवर चिंधी बसवली, म्हणजे कपचा आत पडून वॉटर पंपात किंवा थर्मोस्टॅटमध्ये, म्हणजे तापल्यावर उघडणाऱ्या झडपेत, जाणार नाहीत. मग टोकदार सळईने कडेकडेने एकेक कपचा सोडवला. घाई नाही, ठोकाठोक नाही. रेडिएटरच्या नळीवर चिकटलेला जुना पाईप त्यांनी ओढला नाही, ब्लेडने उभा चिरून केळं सोलावं तसा सोडवला. पाईप ओढायला गेलं की नळीच तुटते, आणि तिची किंमत पाईपच्या कितीतरी पट. मग नळ्यांवरचा पांढरा थर बारीक पॉलिश पेपरने काढला.

एका बाबतीत मात्र मी मध्ये पडले. नवा पाईप चढवताना त्यांनी बोटावर ग्रीस घेतलं. मी म्हटलं, "दादा, ग्रीस नको." ते म्हणाले, "ताई, त्याशिवाय चढत नाही." ईपीडीएम पाण्याला दाद देत नाही, पण खनिज तेल शोषतं, कारण दोन्ही एकाच कुळातली, नुसत्या हायड्रोकार्बनची. तेल शोषलं की रबर फुगतं आणि मऊ पडतं, ते नेमकं पाईप आवळणाऱ्या क्लिपखाली, जिथे त्याने घट्ट राहायला हवं. आम्ही नव्या कुलंटचे चार थेंब लावले, पाईप सहज चढला. जोडातल्या रबरी कड्याला, म्हणजे ओ-रिंगलाही, तेच लावलं.

क्लिपला किती ताण पडतो? रेडिएटरच्या वरच्या पाईपचं आतलं तोंड सव्वातीन सेंटीमीटर रुंद धरलं तर क्षेत्रफळ आठ चौरस सेंटीमीटर. 0.9 किलोने गुणलं की सात किलो. गाडी तापली असेल तोवर सात किलोची पिशवी टांगल्यासारखा जोर पाईपला नळीवरून ढकलत असतो. म्हणून नळीच्या तोंडाला उंच कड असते आणि क्लिप त्या कडेच्या मागे बसवायची असते, कडेवर नव्हे. आवळण्यालाही मर्यादा आहे. उष्णतेने रबर ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी पट जास्त फुगतं आणि थंडीत तेवढंच आकसतं. स्क्रूची क्लिप जिथे आवळली तिथेच राहते, म्हणून डिसेंबरच्या पहाटे गार इंजिनाखाली कुलंटचे दोन थेंब दिसतात आणि गाडी तापली की गळती थांबते. स्प्रिंगची क्लिप रबराबरोबर लहानमोठी होते. कंपनीने जिथे स्प्रिंगची क्लिप दिली आहे तिथे तीच ठेवावी, असं माझं ठाम मत आहे.

भरताना बोअरचं पाणी घेतलं नाही. त्यातल्या क्षारांचा थर इंजिनात धरतो आणि क्लोराइड ॲल्युमिनियमला खातं. निम्मं कुलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. कुलंटचा रंग पाहून खरेदी करू नये, कारण रंगाचा कुठलाही सर्वमान्य नियम नाही. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेला प्रकारच घ्यावा. मग हीटर पूर्ण गरमवर ठेवून, झाकण उघडं ठेवून गार इंजिन चालू केलं. बुडबुडे येत राहिले, पातळी उतरली, पुन्हा भरली. थर्मोस्टॅट उघडल्यावर खालचा पाईप गरम लागला आणि बुडबुडे थांबले, तेव्हा झाकण लावलं. आत हवा अडकली असती तर नवे जोड घालूनही गाडी तापलीच असती. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन गार असताना पाचही जोडांखाली कोरडा कागद फिरवून पाहिला आणि कुलंटच्या बाटलीतली पातळी पुन्हा बघितली.

काढलेलं जुनं कुलंट घमेल्यात होतं, हिरवट, तळाशी गाळ बसलेला. गॅरेजच्या दारात एक कुत्री पिलांसह पडून होती. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, जनावरं ते चाटतात, आणि शरीरात त्याचं ऑक्झॅलिक आम्ल होऊन मूत्रपिंडात त्याचे स्फटिक धरतात. थोडंसं पोटात गेलं तरी कुत्रा दगावू शकतो. गटारात ओतायचीही सोय नाही. मिस्त्रींनी ते फनेलने एका कॅनमध्ये भरलं, झाकण पिळून घट्ट बसवलं, कॅन जुन्या ऑइलच्या कॅनशेजारी कपाटात ठेवला आणि जमिनीवर सांडलेल्या जागेवर दोन बादल्या पाणी ओतून ती पोत्याने पुसून काढली.