वर्षभर जपानमध्ये राहून जपानी शिकायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाचं वेळापत्रक

जपानमधल्या भाषा शाळेत वर्षभरासाठी जायचं ठरलं की बहुतेकजण आधी व्हिसाची चौकशी करतात. खरं तर व्हिसा हा शेवटचा टप्पा आहे. खरा निर्णय त्याच्या बराच आधी, जपानमध्येच होतो. तुम्ही निवडलेली शाळा तुमच्या वतीनं तिथल्या इमिग्रेशन कार्यालयात सीओईसाठी, म्हणजे पात्रता प्रमाणपत्रासाठी अर्ज करते. तिथल्या अधिकाऱ्यानं तुम्हाला पाहिलेलं नसतं, त्याच्यासमोर असते ती फक्त तुमची फाइल. ती वाचून त्याला तीन गोष्टी पटाव्या लागतात: हा विद्यार्थी खरंच भाषा शिकायला येतोय, वर्गात टिकण्याइतकी त्याची तयारी आहे आणि वर्षाचा खर्च मागून व्यवस्थित येणार आहे.

पात्रता

शिक्षणाची अट साधी आहे: किमान बारा वर्षांचं शालेय शिक्षण, म्हणजे बारावी उत्तीर्ण. वयाची वरची मर्यादा ठरलेली नाही. मात्र शेवटचं शिक्षण संपून पाचेक वर्षं उलटली असतील, तर मधल्या काळात काय केलं आणि भाषा आत्ताच का शिकायची आहे, याचं उत्तर कागदावर द्यावं लागतं. नोकरी केली असेल तर अनुभव प्रमाणपत्रं जोडा, घरी असाल तर कारण स्पष्ट लिहा. गाळलेली वर्षं फाइलमध्ये लगेच डोळ्यांत येतात.

दुसरी अट भाषेची. साधारण १५० तास जपानी शिकल्याचा दाखला किंवा जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेचं एन ५ पातळीचं प्रमाणपत्र लागतं (एन ५ सगळ्यात सोपी पातळी, एन १ सगळ्यात अवघड). कागदोपत्री एन ५ पुरतं, पण एकच वर्ष हातात असेल तर एन ४ पर्यंतची तयारी घरूनच करून जा, असं मी आग्रहानं सांगेन. भाषा शाळेत आठवड्याला किमान २० तासिका आणि वर्षाला किमान ७६० तासिका असतात, आणि शिक्षक पहिल्या दिवसापासून मुख्यतः जपानीतच शिकवतात. हिरागाना व काताकाना या लिप्या आणि क्रियापदांची साधी रूपं इथे भारतात निम्म्याहून कमी खर्चात शिकता येतात. त्यांच्यावर तिथले पहिले तीन महिने घालवले तर वर्षाचा चौथा हिस्सा गेला.

तुम्ही आत्ता पदवीला जपानी हा मुख्य विषय घेऊन शिकत असाल तर आधी वेगळा रस्ता पाहा. जपान सरकारच्या शिक्षण मंत्रालयाची ‘जॅपनीज स्टडीज’ शिष्यवृत्ती नेमकी अशा विद्यार्थ्यांसाठी आहे. साधारण एक वर्ष जपानी विद्यापीठात शिक्षण, शुल्क माफ, जाण्यायेण्याचं विमानभाडं आणि दरमहा १,१७,००० येन. अर्ज जपानी दूतावास किंवा वाणिज्य दूतावासामार्फत होतो, निवडीसाठी परीक्षा असते, आणि परत येऊन आपल्या विद्यापीठात पदवी पूर्ण करायची असते. पदवी हातात पडल्यावर ही संधी राहत नाही, त्यामुळे दुसऱ्या वर्षातच चौकशी करा. बाकी सगळ्यांसाठी स्वखर्चाचा भाषा शाळेचा मार्ग आहे आणि पुढची माहिती त्याचीच.

वेळापत्रक

भाषा शाळांचे प्रवेश एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारी असे चार वेळा होतात. एप्रिल आणि ऑक्टोबर हे मोठे, इतर दोन सगळ्या शाळांत नसतात. एप्रिलमध्ये जायचं असेल तर शाळेकडे अर्ज आदल्या वर्षीच्या सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये जातो. शाळा नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरच्या सुरुवातीला फाइल इमिग्रेशनकडे देते आणि निकाल फेब्रुवारीच्या अखेरीस येतो. ऑक्टोबरसाठी अर्ज मार्च ते मे, फाइल जूनच्या सुमारास, निकाल ऑगस्टअखेर.

इथे एक गोष्ट हमखास चुकते. जेएलपीटी वर्षातून दोनदा, जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. डिसेंबरच्या परीक्षेचा निकाल जानेवारीत लागतो, म्हणजे एप्रिल प्रवेशाची फाइल जाऊन महिना उलटल्यावर. एप्रिलला जायचं तर आदल्या वर्षीची जुलैची परीक्षाच उपयोगाची, आणि तिची नोंदणी त्याच्याही बरीच आधी बंद होते. जुलै हुकली असेल तर वर्षातून अनेकदा होणाऱ्या नॅट-टेस्ट किंवा जे-टेस्ट या जपानीच्याच परीक्षांचं प्रमाणपत्र चालतं का, ते शाळेला विचारा. सहसा चालतं. एकंदरीत, निघण्याच्या दहा-बारा महिने आधी कामाला लागलात तर घाई होत नाही.

शाळा निवडताना

एप्रिल २०२४ पासून जपानमध्ये भाषा शाळांसाठी नवा कायदा लागू झाला आहे आणि मान्यता देण्याचं काम शिक्षण मंत्रालयाकडे आलं आहे. आधीच्या नियमांनुसार मान्य असलेल्या, म्हणजे जुन्या यादीतल्या शाळांना नवी मान्यता मिळवण्यासाठी पाच वर्षांची सवलत आहे. शाळेला नवी मान्यता मिळाली आहे की ती अजून जुन्या यादीवर आहे, हा प्रश्न थेट विचारा. दुसरा प्रश्न अभ्यासक्रमाच्या मुदतीचा. बऱ्याच शाळांचा एप्रिलचा अभ्यासक्रम दोन वर्षांचाच असतो. तुमचा बेत एका वर्षाचा असेल तर एक वर्षाचा अभ्यासक्रम असलेली शाळाच शोधा. अर्जात दोन वर्षं लिहून वर्षात परतायचं, ही पळवाट नको.

तुमची कागदपत्रं

शाळेचा अर्ज, पासपोर्टच्या प्रती, ३ × ४ सेंटिमीटरचे फोटो, शेवटच्या शिक्षणाचं प्रमाणपत्र आणि गुणपत्रिका, जपानी शिकल्याचा दाखला, भाषा परीक्षेचं प्रमाणपत्र. मूळ प्रती मागितल्या जातात, म्हणून पाठवण्याआधी सगळं स्कॅन करून ठेवा. मूळ प्रमाणपत्रं परत मिळणार का, हेही शाळेकडून लेखी घ्या. प्रत्येक कागदाला जपानी भाषांतर जोडावं लागतं. काही शाळा ते स्वतः करून देतात.

नावांकडे विशेष लक्ष द्या. महाराष्ट्र बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव पहिलं येतं, मग स्वतःचं आणि वडिलांचं नाव, आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर वडिलांचं नाव असेल किंवा नसेल. त्यात एका कागदावर ‘व’साठी व्ही आणि दुसऱ्यावर डब्ल्यू. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, पण जपानी अधिकाऱ्याला या दोन वेगळ्या व्यक्ती वाटू शकतात. दुरुस्ती शक्य असेल तिथे ती करून घ्या. नसेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून फाइलला लावा.

सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे शिकण्याच्या कारणाचं पत्र. एजंटकडे ते तयार मिळतं आणि तिथेच नुकसान होतं, कारण ‘जपानची संस्कृती व शिस्त मला लहानपणापासून आवडते’ हे वाक्य ढिगानं येणाऱ्या पत्रांत असतं. स्वतःचं खरं कारण लिहा. उदाहरणार्थ: ‘मी तीन वर्षं साच्यांचं डिझाइन करतो. ड्रॉइंगवरच्या सूचना जपानीत येतात आणि प्रत्येक शंकेसाठी दुभाष्याची वाट पाहावी लागते. रात्रीच्या वर्गात एन ४ पर्यंत शिकलो. वर्षभरात एन २ गाठून ग्राहकाशी थेट बोलायचं आहे.’ यात आधी काय केलं, अडतंय कुठे, वर्षानंतर काय करणार, हे सगळं आलं. भारतातच क्लास का पुरत नाही आणि हीच शाळा का, यावर आणखी दोन-दोन वाक्यं जोडली की पत्र पुरं होतं.

खर्च करणाऱ्याची कागदपत्रं

फाइल अडकते ती बहुधा इथे. खर्च आईवडील करणार असतील तर त्यांचं हमीपत्र, बँकेतल्या शिलकीचं प्रमाणपत्र, खात्याचा उतारा, नोकरीचा किंवा व्यवसायाचा दाखला, आयकर विवरणपत्रं आणि तुमच्याशी असलेल्या नात्याचा पुरावा लागतो. नात्यासाठी जन्मदाखला सगळ्यात चांगला. जुन्या दाखल्यांवर कधी कधी बाळाचं नावच नसतं. ते आत्ताच तपासा, कारण नाव चढवून नवा दाखला मिळायला वेळ जातो.

नुसती मोठी शिल्लक दाखवून भागत नाही, ती रक्कम कशी साठली तेही दिसावं लागतं. दरमहा ४० हजार पगार असलेल्या खात्यात अर्जाच्या आदल्या आठवड्यात एकदम बारा लाख आले, तर ते उसने आणले असा अर्थ निघतो. मुदत ठेव मोडली असेल तर तिची पावती, जमीन विकली असेल तर खरेदीखताची प्रत सोबत द्या. आकड्याचा अंदाज म्हणून, पहिल्या वर्षाचं शुल्क साधारण सात ते नऊ लाख येन होतं आणि राहण्याजेवण्याला महिना लाखभर येन धरावे लागतात. टोकियोत त्याहून जास्त. किती शिल्लक दाखवायची ते शाळा कळवते.

अर्धवेळ काम करून शुल्क भरू, असं पत्रात चुकूनही लिहू नका, आणि मनातही तो हिशोब धरू नका. परवानगी घेतल्यावर आठवड्याला २८ तासच काम करता येतं, शाळेच्या मोठ्या सुटीत दिवसाला आठ तास. मर्यादा ओलांडली तर जपानमध्ये राहण्याची मुदतवाढ नाकारली जाते. ‘तिथे गेल्यावर काम करून सगळं फिटतं’ असं सांगणाऱ्या एजंटला पैसे देऊ नका.

निकालानंतर

सीओई मंजूर झाल्यावर शाळा शुल्क भरायला सांगते आणि पैसे पोचल्यावर ते पाठवते, हल्ली बहुधा ईमेलनंच. त्याची मुदत तीन महिन्यांची असते. ते घेऊन व्हिसाचा अर्ज करायचा. या टप्प्यावर कागद थोडेच लागतात. शुल्क भरण्यापूर्वी, व्हिसा नाकारला गेला तर किती रक्कम परत मिळेल, हे शाळेच्या नियमांत वाचा. अर्ज शुल्क आणि प्रवेश शुल्क सहसा परत येत नाही.

मोठ्या विमानतळांवर उतरताच निवासी कार्ड मिळतं. अर्धवेळ कामाच्या परवानगीचा अर्ज तिथेच भरून द्या, म्हणजे नंतर इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. घर ठरल्यापासून १४ दिवसांत पालिकेत पत्ता नोंदवायचा आणि त्याच वेळी राष्ट्रीय आरोग्य विमा घ्यायचा. मग उपचारांच्या खर्चातला ३० टक्के वाटाच तुमच्याकडे राहतो. वय २० पूर्ण असेल तर राष्ट्रीय पेन्शनची नोंदणीही होते. विद्यार्थ्यांना हप्त्यातून सवलत मिळते, पण ती मागावी लागते, आपोआप लागू होत नाही.

सीओई नाकारलं गेलं तर शाळेला कार्यालयात जाऊन कारण विचारता येतं. ते तपशीलवार विचारायला लावा आणि लिहून घ्या, कारण पुढच्या प्रवेशासाठी पुन्हा अर्ज करता येतो आणि त्या अर्जात आधीच्या नकाराची नोंद करावीच लागते. ती लपवू नका. नव्या फाइलमध्ये नेमकी तीच उणीव भरून काढणारा कागद आणि त्याचं अर्ध्या पानाचं स्पष्टीकरण जोडा.