विषप्रयोगाचे खटले आणि परिस्थितिजन्य पुरावा : पार्श्वभूमी

बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांचं १८७५ चं प्रकरण बडोदेकरांना नव्याने सांगायला नको. रेसिडेंटच्या, म्हणजे संस्थानात नेमलेल्या इंग्रज अधिकाऱ्याच्या, पपनसाच्या सरबतात सोमल (आर्सेनिक) आणि हिऱ्याची पूड घातल्याचा आरोप, सहा जणांचं चौकशी कमिशन आणि तीन विरुद्ध तीन असं मत. इंग्रज सदस्यांना महाराज दोषी वाटले. ग्वाल्हेर-जयपूरचे महाराज आणि ग्वाल्हेरच्या माजी दिवाणांना आरोप सिद्ध झालेला दिसला नाही. नोकराच्या पट्ट्यात सापडलेली पुडी पोलिसांनीच ठेवली असावी, असा बचावाचा रोख होता. महाराजांची गादी शेवटी गेली ती गैरकारभाराच्या नावाखाली.

पुराव्याचा कायदा तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा होता. प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार नसेल, तर आजूबाजूच्या गोष्टींवरून, म्हणजे परिस्थितिजन्य पुराव्यावरून, गुन्हा सिद्ध करावा लागतो. त्या पुराव्याची 'साखळी तुटता कामा नये' हे आज वकिलांच्या तोंडी असलेलं सूत्र सर्वोच्च न्यायालयात १९५२ साली पक्कं झालं. तो खटला खुनाचा नव्हता. दारूच्या भट्टीच्या टेंडरमधल्या बनावट कागदांचा होता!

विषाच्या बाबतीत खरा पेच पडला तो १९५९ च्या निकालाने. नोव्हेंबर १९५६ मध्ये मधुमेह असलेली एक श्रीमंत विधवा आपल्या डॉक्टरबरोबर रात्रीच्या गाडीने पुण्याहून मुंबईला निघाली. पहाटे तिला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात नेलं, तिथे डॉक्टरने भलतंच नाव सांगितलं. काही तासांत ती गेली. प्रेत बेवारस ठरलं, शवविच्छेदन उशिरा झालं आणि व्हिसेरात (आतल्या अवयवांत) विष सापडलंच नाही. इकडे नातेवाइकांना पत्रं येत राहिली, की तिने पुन्हा लग्न केलंय, सुखात आहे. तिची मालमत्ता मात्र डॉक्टरच्या हाती जात होती.

सर्वोच्च न्यायालयात डॉक्टरची फाशी कायम झाली, पण दोन विरुद्ध एक मताने. विष सापडलं नाही तरी आधीचं आणि नंतरचं वागणं पुरेसं बोलकं आहे, असं बहुमताचं म्हणणं. मतभेद नोंदवणाऱ्या न्यायमूर्तींना मृत्यू अनैसर्गिक होता हेच सिद्ध झालेलं वाटलं नाही. खोट्या पत्रांनी लबाडी सिद्ध होते. त्यावरून मरण कशाने आलं हेही ठरतं का, हा प्रश्न मला तरी आजही सुटलेला वाटत नाही.

१९८४ च्या पुण्यातल्या सायनाइड प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने परिस्थितिजन्य पुराव्यासाठी पाच सूत्रं घालून दिली. विषप्रयोगाच्या खटल्यात हेतू, विषाने मृत्यू, आरोपीजवळ विष असणं आणि संधी अशा चार गोष्टी मागितल्या, आणि आरोपी सुटला. यातली तिसरी अट मोठी जाचक. विष देणारा पुडी जपून थोडीच ठेवतो? १९८८ मध्ये न्यायालयानेच ती सैल केली: बाकीचे दुवे भक्कम असतील तर विष जवळ असल्याचा पुरावा नसला म्हणून खटला पडत नाही.

१ जुलै २०२४ पासून नवा साक्ष अधिनियम आला. जुनं कलम १०६ (जी गोष्ट खास एखाद्यालाच ठाऊक असते, ती त्यानेच सिद्ध करायची) आता १०९ झालं, आशय तोच. घराच्या चार भिंतींत खून झाला तर आतल्यांनी खुलासा द्यावा, ही सर्वोच्च न्यायालयाची २००६ ची भूमिका याच कलमावर उभी आहे. तरी आधीचे दुवे सरकार पक्षालाच जोडावे लागतात. आरोपीने खुलासा दिला नाही किंवा खोटा दिला, तर तो त्यात एक जादा दुवा धरला जातो.