फ्लोरिडातल्या कासवभिंतीची पार्श्वभूमी

अमेरिकेत वसंत सुरू झाला की कासवं रस्त्यावर दिसू लागतात. अंडी घालायला कोरडी जागा शोधत निघालेल्या माद्या त्यात बऱ्याच असतात. गाडी बाजूला घेऊन कासव उचलायचं आणि ते ज्या दिशेला चाललं होतं, त्याच कडेला ठेवायचं, ही तिथली रूढ पद्धत. परत तळ्याकडे सोडलं तर ते वळून पुन्हा रस्त्यावरच येतं. पण हातांनी उचलून कुठवर पुरं पडणार, हे एका तळ्याने दाखवून दिलं; तिथे शेवटी कासवांसाठी रस्त्याकडेला भिंत बांधावी लागली.

फ्लोरिडाच्या टॅलाहासी शहराजवळचं जॅक्सन तळं चुनखडीच्या जमिनीवर आहे. तळाशी विवरं आहेत. दुष्काळात भूजल खाली गेलं की सगळं पाणी त्यांतून आत उतरतं आणि तळं पार रितं होतं; काही वर्षांनी पुन्हा भरतं. त्याच्या जुन्या स्थानिक नावाचा अर्थ 'नाहीसं होणारं पाणी' असा सांगतात. तळं आटलं की कासवं शेजारच्या पाण्याकडे निघतात आणि भरलं की परततात. हा क्रम रस्त्याच्या कितीतरी आधीचा. पुढे तळ्याचा एक कोपरा भराव टाकून तोडला गेला आणि त्यावरून 27 क्रमांकाचा महामार्ग गेला. पलीकडे राहिलं ते 'लिटल लेक जॅक्सन'.

सप्टेंबर 1999 मध्ये तळं आटलं. फेब्रुवारी 2000 मध्ये तिथून जाताना मॅथ्यू अरेस्को या पीएचडीच्या विद्यार्थ्याला जेमतेम अर्ध्या किलोमीटरमध्ये 90 कासवं चिरडलेली दिसली. बांधकामावरची माती वाहून जाऊ नये म्हणून लावतात ते कापड त्याने रस्त्याकडेला कुंपणासारखं उभं केलं. अडलेली कासवं कडेकडेने चालत भरावाखालच्या जुन्या मोरीपर्यंत यावीत, हा हेतू. जी येत नसत, ती तो स्वतः पलीकडे नेऊन सोडी. 2003 अखेरपर्यंत जेमतेम 700 मीटरच्या पट्ट्यात त्याने 8,842 कासवांची नोंद केली.

त्याच्या नोंदींतली मला सर्वांत बोलकी वाटते ती ही: मेलेल्या 343 कासवांपैकी 95 टक्के रस्त्यावर पाय ठेवताच, साइडपट्टीलगतच मेली होती. उरलेली पहिल्या दोन लेनमध्ये. म्हणजे चौपदरी रस्त्याच्या मध्यापलीकडे कुणी पोहोचलंच नव्हतं. कासव जिवंत पलीकडे जाण्याची शक्यता 1977 मध्ये 32 टक्के होती, ती वाहतूक वाढल्याने 2001 मध्ये 2 टक्क्यांवर आली, असं त्याचं गणित. कासव मंद आहे हे खरं, पण ते 1977 मध्येही तेवढंच मंद होतं.

कुंपणाने कासवांचे मृत्यू रोज किलोमीटरमागे 11.9 वरून 0.09 वर आले. पण कापड फाटतं, वाकतं, रोज बघावं लागतं. कायमची भिंत हवी म्हणून अनेक वर्षं पाठपुरावा झाला. पैसा आला तो मंदीतून वर येण्यासाठी 2009 मध्ये जाहीर झालेल्या केंद्रीय निधीतून, सुमारे 34 लाख डॉलर. लगेच टीका सुरू झाली. सिनेटर टॉम कोबर्न यांनी वायफळ खर्चाच्या यादीत हे काम घातलं आणि 'कासवांचा बोगदा' ही टिंगल देशभर झाली. खरं तर बांधायचं होतं त्यातला मोठा भाग भिंतीचा होता, बोगद्याचा नव्हे. पण भिंतीची टिंगल करायला तेवढी मजा येत नसावी.

2010 मध्ये काम पुरं झालं: दोन्ही कडांना पक्की भिंत आणि खालून जायला मोऱ्या. 2021 मध्ये तळं पुन्हा विवरात उतरलं, तेव्हा ती भिंत जागेवर होती.